कुठलं ड्रॉइंग शेवटचं?

तिसऱ्या मजल्याचा स्लॅब पडून चार दिवस झाले होते. प्लंबर वर चढला तेव्हा टॉयलेटच्या पाइपांसाठी स्लॅबमध्ये ठेवलेल्या स्लीव्ह चुकीच्या जागी निघाल्या. आर्किटेक्टनं डक्ट नऊ इंच सरकवली होती आणि सुधारित ड्रॉइंग, म्हणजे रिव्हिजन तीन, व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवलंही होतं. पण ते आलं त्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टरचा जुना इंजिनिअर नोकरी सोडून गेला होता आणि नव्याला ग्रुपमध्ये घ्यायचं राहून गेलं होतं. साइट ऑफिसच्या भिंतीवर रिव्हिजन दोनची प्रिंट लावलेली होती. तिच्यावरूनच माप काढून प्लंबरच्या माणसानं स्लीव्ह ठेवल्या, सेंट्रिंगवाल्यानं त्या पक्क्या केल्या, वरून काँक्रीट आलं.

मग कोअर कटिंगचं मशीन आणावं लागलं. ताज्या स्लॅबला गोल भोकं पडली, वाटेत आलेल्या सळ्या तुटल्या. त्यासाठी स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून मजबुतीची डिटेल मागवावी लागली. ती येईपर्यंत सगळं काम अडून राहिलं. खर्च कोणी सोसायचा यावरून झालेल्या बैठकीत कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, मला ड्रॉइंग मिळालंच नाही. आर्किटेक्टनं फोन पुढं केला आणि पाठवल्याची तारीख दाखवली. बोलणं दोघांचंही खरं होतं.

ही पुण्यातली एक डिझाइन-अँड-बिल्ड फर्म. आर्किटेक्ट, इंटिरिअर, बांधकाम आणि हिशेब हे सगळं एका छताखाली चालतं, साइट्स मात्र शहराच्या चारी दिशांना. या प्रसंगानंतर भागीदारांनी ठरवलं, आता सगळ्यांसाठी एकच सॉफ्टवेअर घ्यायचं. ड्रॉइंग, प्रश्न, रोजचा अहवाल, मटेरिअलची मागणी सगळं त्यातच. ‘एकत्र’ हा या अंकाचा विषय ठरला तेव्हा संपादकांनी विचारलं, माणसं एकत्र काम करतात म्हणजे नेमकं काय करतात ते कुठं बघता येईल? मी ही फर्म निवडली. नाव छापायचं नाही या अटीवर त्यांनी साइट, ऑफिस आणि सोमवारच्या बैठका सगळं खुलं केलं.

ग्रुपवर टाकलंय ना

व्हॉट्सअॅपला नावं ठेवण्याआधी ते साइटवर इतकं का रुजलं ते बघायला हवं. ते कोणाला शिकवावं लागत नाही. बिहारचा सेंट्रिंग मिस्त्री हिंदीत बोलून निरोप पाठवतो, वायरमन जंक्शन बॉक्सचा फोटो टाकतो, बेसमेंटमधून वर आल्यावर अडकलेला मेसेज आपोआप जातो. ज्याला लिहिता येत नाही त्यालाही त्यात जागा आहे. बांधकामात आलेल्या दुसऱ्या कुठल्याही तंत्रानं गवंड्याला आणि कन्सल्टंटला एका पातळीवर बोलू दिलेलं मला माहीत नाही.

अडचण येते ती दुपारपर्यंत. सकाळी आठला आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी आली, तिचं चलन ग्रुपवर पडलं. नऊच्या सुमारास सुप्रभाताचे फुलांचे फोटो. मग क्लायंटच्या घरून किचन ओट्याबद्दल विचारणा, मग बीमच्या डिटेलची पीडीएफ, मग सळई किती टन उतरली त्याचा फोटो, मग वाढदिवसाच्या शुभेच्छा. बाराच्या सुमारास बीमची डिटेल कुठल्या कुठं वर गेलेली असते. ती कोणी बघितली, कोणी डाउनलोड केली, आधीची रद्द झाली का, याचा पत्ता लागत नाही. प्रश्न विचारला जातो, खाली तीन वेगळे विषय सुरू होतात, प्रश्न तसाच राहतो. विचारणाऱ्याला वाटतं विचारून झालं, आणि ज्याला विचारलं त्याला वाटतं ते त्याच्यासाठी नव्हतं.

ड्रॉइंगचा प्रवास बघितला की हे किती महागात पडतं ते कळतं. एका टॉयलेटची डक्ट सरकली की आर्किटेक्टचा प्लॅन बदलतो, त्याबरोबर सनकन स्लॅबची हद्द बदलते, स्ट्रक्चरल कन्सल्टंटला बीम पुन्हा बघावा लागतो, त्यावरून फिटरचं बार बेंडिंग शेड्यूल बदलतं, प्लंबिंग कन्सल्टंटचे उतार बदलतात, वॉटरप्रूफिंगचं क्षेत्रफळ आणि टाइल्सची मांडणी बदलते. कधी कधी दरवाजाही सरकतो. एका रेषेमागे सहा-सात माणसं आणि त्यांची सहा-सात ऑफिसं असतात. प्रत्येकाच्या टेबलावर एक प्रत असते आणि आपलीच शेवटची असं प्रत्येकजण धरून चालतो.

एक फोन, झाला की नाही झाला

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी नाचाचा कार्यक्रम होता. लॉबीवर टांगलेले दोन पादचारी पूल, चौथ्या मजल्याचा आणि त्याच्या बरोबर खालचा दुसऱ्या मजल्याचा, गर्दीवर कोसळले. ११४ माणसं गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या वर्गात हे प्रकरण आजही शिकवतात.

मूळ डिझाइनमध्ये छतापासून निघालेला एकच लांब रॉड चौथ्या मजल्याच्या पुलातून आरपार जाऊन खालचा पूलही पेलत होता. एवढ्या लांब रॉडवर नट चढवत नेणं फॅब्रिकेटरला अडचणीचं वाटलं. त्यानं एका रॉडचे दोन केले: छतापासून वरच्या पुलापर्यंत एक, वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत दुसरा. कागदावर फरक किरकोळ दिसतो. पण आता खालचा पूल थेट छताला न लटकता वरच्या पुलाच्या बीमला लटकू लागला आणि त्या सांध्यावरचा भार दुप्पट झाला. मुळातली रचनाही शहराच्या बांधकाम नियमांत बसणारी नव्हती, बदलानं तिची उरलीसुरली ताकद संपवली. शॉप ड्रॉइंगवर इंजिनिअरांच्या फर्मचा शिक्का होता, सांध्याचं गणित मात्र कोणी पुन्हा मांडलं नव्हतं. फॅब्रिकेटरचं म्हणणं, आम्ही फोनवर विचारून घेतलं होतं. फर्मचं म्हणणं, असा फोन कधी आलाच नाही.

पुण्यातल्या नऊ इंचांत आणि या दुर्घटनेत अर्थातच फार मोठं अंतर आहे. पण दोन्हीकडे बदल कोणी सुचवला, कोणी बघितला आणि कोणी ‘हो’ म्हटलं हे सगळ्यांना दिसेल अशा एका जागी नव्हतं. सॉफ्टवेअर विकणारे वेळ आणि पैसा वाचण्याबद्दल बोलतात. माझ्या लेखी या एका जागेचं मोल त्याहून जास्त आहे, कारण इमारतीत माणसं राहणार असतात.

बोलण्याचंही वेळापत्रक असावं लागतं हा विचार मला नीट भेटला तो डॉ. अतुल गावंडे यांच्या ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ या २००९ च्या पुस्तकात. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावच्या घराण्यातले हे अमेरिकन सर्जन शस्त्रक्रियेतल्या चुका कशा टाळाव्यात हे शोधत बोस्टनमधल्या एका उंच इमारतीच्या साइटवर गेले. तिथं त्यांना दोन याद्या दिसल्या. कोणत्या दिवशी कोणतं काम व्हायला हवं ही एक. दुसरी, कोणत्या तारखेच्या आत कोणी कोणाशी कोणत्या मुद्द्यावर बोललेलं असायला हवं याची. एकट्या माणसाच्या हुशारीवर इमारत सोडायची नाही, माणसांना बोलायला लावायचं, हे त्या साइटचं सूत्र होतं.

कामाच्या वेळापत्रकाचं शास्त्र तसं जुनं आहे. ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी १९५७ च्या सुमारास क्रिटिकल पाथ पद्धत बसवली, १९८३ मध्ये प्रायमाव्हेरा कंपनी सुरू झाली आणि पुढं मोठ्या प्रकल्पांत तिचंच सॉफ्टवेअर रूढ झालं. पण बहुतेक ठिकाणी ती एका प्लॅनिंग इंजिनिअरच्या संगणकातली गोष्ट राहिली. तो रंगीत पट्ट्यांचा लांबलचक कागद छापून भिंतीवर लावायचा, साइट आपल्या चालीनं चालायची. आपल्याकडे नागपूर मेट्रोनं त्रिमितीय मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च जोडणारी पाच मितींची पद्धत वापरून पुढची पायरी दाखवली. मात्र मेट्रोचं मनुष्यबळ वेगळं आणि दहा-बारा साइट्स हाकणाऱ्या फर्मचं वेगळं.

मामांचा प्रश्न

फर्मनं सॉफ्टवेअर घेतलं, हॉटेलच्या हॉलमध्ये प्रशिक्षण झालं, जेवण झालं, सगळ्यांच्या फोनमध्ये अॅप उतरलं. आणि पहिले काही महिने ते जवळजवळ पडून राहिलं.

कारणं साइटवर उभं राहिलं की दिसतात. रोजच्या अहवालाचा फॉर्म संपूर्ण इंग्रजीत आणि लांबच लांब: हवामान, प्रत्येक ठेकेदाराची माणसं, कुशल-अकुशल वेगळे, यंत्रं, त्यांचे तास, झालेलं काम, न झालेलं काम, सुरक्षेच्या नोंदी. साइट इंजिनिअर असलेली तरुण मुलगी संध्याकाळी साडेसातला, धुळीनं माखलेल्या बोटांनी, तडकलेल्या स्क्रीनवर हे भरायची. त्याआधी तिनं साइट डायरी हातानं लिहिलेली असायची आणि त्यानंतर भागीदारांना व्हॉट्सअॅपवर तेच पुन्हा कळवायची, कारण भागीदार अॅप उघडत नव्हते. एक काम तीनदा. शनिवारी बसून आठवड्याचे अहवाल एकदम भरायचे अशी वाट लोकांनी मग काढली. त्या नोंदींना काय किंमत उरणार?

सेंट्रिंगचे मुकादम मूळचे उदगीरकडचे, साइटवर सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी एके दिवशी तिला विचारलं, “मॅडम, हे भरून मला काय मिळणार? स्लॅब लेट झाला की शिवी मुकादमाला. मोबाईलमध्ये लिहिलं म्हणून ती थोडीच चुकणार हाय?”

या प्रश्नावरच सगळं फिरलं असं मला वाटतं. साइटवरचा माणूस नोंद करतो आणि ती वर जाते. वरून त्याच्याकडे काही परत येत नसेल तर ती नोंद त्याच्या दृष्टीनं हजेरीच्या वरची आणखी एक हजेरी असते. ‘लोक बदलायला तयार नाहीत’ हे वाक्य ऑफिसात मी पुष्कळदा ऐकलं. लोक बदलायला तयार होते, बदलून आपलं काय भलं होईल तेवढं त्यांना दिसत नव्हतं.

प्लॅनिंग बघणाऱ्या इंजिनिअरनं भागीदारांशी भांडून फॉर्म कापला. आता त्यात चारच गोष्टी उरल्या: आज काय झालं, उद्या काय करणार, कशामुळे अडलंय, आणि फोटो. मराठीत किंवा हिंदीत बोलून टाकलं तरी चालेल. साइट डायरी बंद. आणि सगळ्यात अवघड निर्णय, ड्रॉइंग व्हॉट्सअॅपवर पाठवणं बंद. ज्येष्ठ भागीदार आर्किटेक्टनं सवयीनं एक स्केच ग्रुपवर टाकलं तेव्हा साइटवरून उत्तर गेलं, “सर, अॅपवर टाका, मग काम सुरू करतो.” हे लिहिताना साइट इंजिनिअरचे हात थरथरत होते, असं तिनं मला सांगितलं. सरांनी स्केच अॅपवर टाकलं. त्या दिवसापासून साइटला विश्वास वाटू लागला, असं तिघा-चौघांनी वेगवेगळं सांगितलं.

भिंतीवरच्या प्रिंट गेलेल्या नाहीत, जायलाही नकोत. कडक उन्हात सेंट्रिंगवर उभं राहून फोनच्या पडद्यावर सळईचं अंतर वाचता येत नाही. पण प्रत्येक प्रिंटच्या कोपऱ्यात आता क्यूआर कोड असतो. फोन धरला की हिरव्या पट्टीत ‘चालू’ येतं, नाहीतर लाल पट्टीत ‘रद्द’. आणि जुनी प्रिंट परत दिल्याशिवाय नवी मिळत नाही. परत आलेल्या प्रिंटवर तिरकी रेघ मारून ती गठ्ठ्यात जाते. हा नियम अगदी साधा, पण सॉफ्टवेअरइतकंच काम तो करतो. मी उभा होतो तेव्हा प्लंबरच्या पोऱ्यानं स्लीव्हचं माप घेण्याआधी फोन काढून कोड तपासला, मग टेप सोडला. कोणी सांगितलं नव्हतं.

कोण कोणासाठी थांबलंय

‘कशामुळे अडलंय’ या रकान्यानं फर्ममध्ये जे केलं त्याची भागीदारांना कल्पना नव्हती. साइटवरून प्रश्न आला की तो एका माणसाच्या नावावर चढतो, सोबत तारीख. उत्तर मिळेपर्यंत उतरत नाही. सोमवारच्या बैठकीत ही यादी भिंतीवर दिसते.

आधी समज असा होता की उशीर साइटवर होतो. माणसं येत नाहीत, मुकादम दोन ठिकाणी कामं घेतो, पाऊस पडतो. हे सगळं होतंच. पण यादी उघडल्यावर दिसलं की साइट बहुतेक वेळा कोणाच्या तरी उत्तरासाठी थांबलेली असते. खिडकीच्या सिलची उंची आर्किटेक्टकडे अडकलेली, लिफ्टच्या खड्ड्याची खोली लिफ्ट कंपनीच्या ड्रॉइंगवाचून अडकलेली, बाथरूमच्या टाइल्स क्लायंटच्या घरातल्या चर्चेत अडकलेल्या. मुकादम दुसऱ्या साइटवर माणसं नेतो ते आळसानं नव्हे, इथं त्यांना रिकामं बसवून पगार द्यायला त्याला परवडत नाही म्हणून.

एका सोमवारी ज्येष्ठ आर्किटेक्टच्या नावासमोरचे प्रश्न सगळ्यात जुने निघाले. खोलीत शांतता. ते म्हणाले, “म्हणजे आता मी साइटला उत्तर द्यायचं?” प्लॅनिंगवाल्या इंजिनिअरनं खालच्या आवाजात सांगितलं, “सर, साइट तुमच्या उत्तराची वाट बघतेय, एवढंच लिहिलंय.” त्यांना राग आला होता हे उघड होतं. पुढच्या सोमवारपर्यंत त्यांची बरीच उत्तरं गेलेली होती आणि काही प्रश्नांवर त्यांनी स्वतः साइटवर जाऊन निर्णय दिले.

या पारदर्शकतेला वरून विरोध होतो आणि तो विरोध वेगळ्या रूपात पुढं येतो. ‘मला कीबोर्ड जमत नाही’, ‘फोनवर दोन मिनिटांत होतं ते लिहीत कशाला बसायचं’. तोंडी आदेशात देणाऱ्याची सोय असते: काम बरोबर झालं तर श्रेय, चुकलं तर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’. ‘करून टाका, मी बघतो’ या एका वाक्यावर आपल्याकडचं निम्मं बांधकाम चालतं आणि त्याचा भार कायम सगळ्यात खालच्या माणसाच्या डोक्यावर पडतो. सामायिक नोंदीचा सगळ्यात मोठा फायदा त्यालाच आहे, हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो.

मामांनाही त्यांचं उत्तर मिळालं. रनिंग बिलाच्या वेळी कॉन्ट्रॅक्टरनं स्लॅबच्या उशिराबद्दल त्यांची कपात काढली. साइट इंजिनिअरनं अॅप उघडून दाखवलं: या तारखेला सेंट्रिंग तयार, त्याच संध्याकाळी फोटो, पुढचे सहा दिवस स्लीव्हच्या ड्रॉइंगसाठी काम बंद. कपात मागे घेतली गेली. तेव्हापासून मामा रोज संध्याकाळी स्वतः आठवण करतात, “मॅडम, आपलं थांबलेलं लिवलं का?”

भागीदारांनी एक शहाणपण दाखवलं, ते नोंदवायला हवं. यादीवरून कोणाचाही पगार कापायचा नाही, कोणाला मेमो द्यायचा नाही, असं त्यांनी पहिल्याच बैठकीत जाहीर केलं. नोंदीवरून शिक्षा सुरू झाली असती तर लोकांनी खऱ्या तारखा टाकणं दुसऱ्या दिवशीच थांबवलं असतं.

टेके कधी काढायचे

सरकारी बांधकाम खात्यात मेजरमेंट बुक नावाची वही असते. पानांना छापील क्रमांक, नोंद शाईनं, चूक झाली तर खोडायची नाही, रेघ मारून शेजारी सही करायची. एकाच जागी, न पुसता येणारी नोंद ठेवायची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. खासगी बांधकामात ती कधीच नीट आली नाही.

कायद्यानं मात्र तगादा लावला आहे. २०१६ चा रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि काम जेवढं पुढं जाईल तेवढेच काढायचे, तेही इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांवर. शिवाय दर तिमाहीला प्रगती संकेतस्थळावर चढवायची. दाखल्यावर सही करणाऱ्या आर्किटेक्टला काम किती झालं हे विचारावं लागतं, आणि आधी तो ते फोनवर विचारायचा. आता तो मजल्यामजल्याचे तारखेसह फोटो बघून सही करतो.

मला सगळ्यात आवडलेली सोय मात्र फार लहान आहे. काँक्रीट पडलं की त्याच गाडीतून १५० मिलिमीटरच्या क्यूबचे साचे भरतात. सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी ते प्रयोगशाळेत दाबून फोडून ताकद बघतात. पूर्वी क्यूबवर ओल्या काँक्रीटमध्ये खिळ्यानं तारीख ओढायची आणि अठ्ठाविसावा दिवस कोणी तरी लक्षात ठेवायचा. आता पोअरची नोंद झाली की दोन्ही तारखा आपोआप लागतात. टेके, म्हणजे प्रॉप, काढण्याचंही तसंच. साधं पोर्टलंड सिमेंट असेल तर आयएस ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे प्रॉप सात दिवस हलवायचे नाहीत, त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा. बीमला सहा मीटरपर्यंत चौदा, त्यापुढं एकवीस. पुढच्या मजल्याला साहित्य हवं म्हणून प्रॉप लवकर काढायचा मोह प्रत्येक साइटवर असतो. अॅपमध्ये तारीख येईपर्यंत त्या स्लॅबसमोर लाल खूण राहते आणि ती मुकादमापासून भागीदारापर्यंत सगळ्यांना दिसते. ती डावलून प्रॉप काढायचे तर कोणाला तरी आपल्या नावानं परवानगी द्यावी लागते. अजून कोणी दिलेली नाही.

प्लास्टरच्या आतलं

सगळं सुरळीत झालेलं नाही. कॉन्ट्रॅक्टरची माणसं बदलतात आणि प्रत्येक नव्या माणसासाठी परवान्याचे पैसे मोजावे लागतात, म्हणून दोन साइट्सवर चौघे एकाच नावानं अॅप वापरतात. तिथं कोणी काय लिहिलं याला अर्थ राहत नाही. बेसमेंटमध्ये रेंज नाही. प्लंबिंग कन्सल्टंटनं अजूनही खातं उघडलेलं नाही, त्याच्या ईमेल प्लॅनिंग विभाग आत चढवतो. आणि क्लायंटला किती दाखवायचं यावर भागीदारांत एकमत नाही. धाकटा म्हणतो सगळं, थोरला म्हणतो आठवड्याचे फोटो पुरेत.

सध्या चर्चा आहे ती पुढच्या काळाची. भिंतींना प्लास्टर होण्याआधी प्रत्येक खोलीच्या प्रत्येक भिंतीचा फोटो काढायची सवय आता लागली आहे: कंड्युट कुठून गेलाय, पाण्याची लाइन कुठं वळलीय, सगळं टेप लावून. दहा वर्षांनी त्या घरात कोणी कपाट ठोकायला ड्रिल घेईल तेव्हा हे फोटो त्याच्या हाताशी हवेत. ताबा दिल्यानंतर आराखडे आणि कागदपत्रं रहिवाशांच्या संस्थेकडे सोपवणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि बांधकामातल्या त्रुटींची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं विकसकावर राहते. पण नोंदी आहेत सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर, आणि वर्गणी थांबली की दार बंद. म्हणून फर्मनं नव्या करारात दोन कलमं घातली: दर महिन्याला सगळ्या नोंदींची पूर्ण प्रत स्वतःकडे उतरवून घ्यायची, आणि ताबा देताना फ्लॅटनिहाय फोटो पेनड्राइव्हमध्ये घरमालकाला द्यायचे. सॉफ्टवेअर कंपनीनं पहिलं मान्य केलं आहे. दुसऱ्यासाठी फोटोंना फ्लॅटचे क्रमांक लावायचं काम साइटवर सुरू आहे, आणि जुन्या दोन मजल्यांचे फोटो अजून व्हॉट्सअॅप ग्रुपमधूनच शोधून काढताहेत.